जैविक उपायांवरील पीएच.डी. : सांगली-साताऱ्यातील मार्गदर्शकांसाठी काही सूचना

सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत ऊस, द्राक्ष, हळद, आले, सोयाबीन, डाळिंब आणि स्ट्रॉबेरी ही पिके घेतली जातात आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक पिकाला जैविक उपायाने, म्हणजे उपयुक्त जिवाणू, बुरशी किंवा कीटक वापरून, निदान काही अंशी सुटू शकेल असा एखादा तरी प्रश्न आहे. तरीही या भागातील सूक्ष्मजीवशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि कीटकशास्त्र या विषयांतील पुष्कळ प्रबंध एकाच वाटेने जातात. मातीचा नमुना, त्यातून वेगळा केलेला जिवाणू, पेट्री डिशमध्ये रोगकारक बुरशीभोवती दिसलेले रोधक वलय, कुंडीतील एक चाचणी आणि मग निष्कर्ष, एवढ्यावर ती वाट संपते. पुढील सूचना अशा विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शकांसाठी आहेत आणि त्यांमागचा आग्रह एकच आहे : जैविक उपाय ही जिवंत वस्तू असल्यामुळे ती रोगकारकाला मारते का हे पाहण्याआधी ती या मातीत, या उन्हात आणि शेतकऱ्याच्या फवारणीच्या वेळापत्रकात तगते का, हे तपासण्याची सवय विद्यार्थ्याला लावावी.

विषय निवडताना

विषयाची निवड संशोधनपत्रिका चाळून करण्याआधी विद्यार्थ्याला एक पूर्ण हंगाम नाही तरी काही आठवडे शिवारात फिरू द्यावे. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरशेजारी दिवसभर बसल्यावर कोणत्या आठवड्यात कोणत्या तक्रारी येतात आणि त्यांवर कोणती बाटली हातात दिली जाते, याची जी माहिती मिळते ती कोणत्याही सर्वेक्षण-प्रश्नावलीत मिळत नाही. त्यानंतर विद्यार्थ्याने प्रश्न एका वाक्यात लिहावा आणि त्या वाक्यात पीक, तालुका, महिना आणि शेतकरी आज करत असलेला उपाय हे चारही घटक असावेत. ‘आल्यातील कंदकुजीवर ट्रायकोडर्माचा (रोगकारकांना रोखणाऱ्या मित्रबुरशीचा) परिणाम’ हा अद्याप प्रश्न झालेला नाही. ‘कोरेगाव तालुक्यात बेणे प्रक्रियेत कार्बेन्डाझिम वापरणाऱ्या शेतकऱ्याच्या आल्यात लागणीनंतर दिलेला ट्रायकोडर्मा जुलैच्या पावसापर्यंत मुळांभोवती किती शिल्लक राहतो’ हा प्रश्न आहे.

या उदाहरणात थोडे थांबण्यासारखे आहे. आले आणि हळद यांच्या कंदकुजीत पिथियम हा मुख्य रोगकारक असतो. तो खऱ्या बुरशींच्या गटातला नसल्यामुळे कार्बेन्डाझिमचा त्याच्यावर उपयोग होत नाही. ट्रायकोडर्मा मात्र या बुरशीनाशकाला अत्यंत संवेदनशील आहे. म्हणजे शेतकरी एकाच बेणे प्रक्रियेत शत्रूला धक्का न लावता मित्राला मारतो आणि पुढे जैविक उपायांनी गुण येत नाही, असा निष्कर्ष काढतो. उलट मेटालॅक्झिल हे बुरशीनाशक पिथियमवर चालते आणि ट्रायकोडर्माचे अनेक वाण (म्हणजे स्ट्रेन) ते बऱ्यापैकी सहन करतात. कोणत्या रसायनानंतर किती दिवसांनी जैविक द्रावणाची आळवणी करावी, एवढाच तक्ता जरी एखाद्या प्रबंधातून या दोन जिल्ह्यांतील प्रमुख पिकांसाठी नीट तयार झाला, तरी तो नव्या जिवाणूच्या शोधापेक्षा अधिक उपयोगी ठरेल, असे माझे मत आहे.

विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात शिकवावे असे एक यशस्वी उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडलेले आहे. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातील उसावर लोकरी मावा मोठ्या प्रमाणावर दिसला आणि पुढे तो महाराष्ट्र-कर्नाटकातील ऊसपट्ट्यात झपाट्याने पसरला. उंच वाढलेल्या उसात शिरून फवारणी करणे कठीण होते आणि फवारणीने माव्याचे नैसर्गिक शत्रूही मरत होते. अखेरीस परिस्थिती आटोक्यात येण्यात माव्यावर जगणारी डिफा अफिडिव्होरा ही अळी, मायक्रोमस हा परभक्षी कीटक आणि ईशान्य भारतातून आणून सोडलेली एन्कार्सिया ही परोपजीवी गांधीलमाशी यांचा मोठा वाटा होता. डिफाची वाढ तर मावा लागलेल्या उसावर शेडनेट टाकून शेतातच करण्यात आली. या एका प्रकरणात परभक्षी आणि परोपजीवी यांतील फरक, मोठ्या प्रमाणावर संवर्धन, सोडण्याची वेळ, फवारणी थांबवण्यासाठी शेतकऱ्यांची समजूत आणि साखर कारखान्यांच्या ऊसविकास विभागाची भूमिका हे सर्व धडे एकत्र येतात. विद्यार्थ्याने त्या काळातील शेती अधिकाऱ्यांशी आणि ऊस उत्पादकांशी बोलून टिपण तयार करावे. वाङ्मयाचा आढावा लिहिण्याचा पहिला सराव म्हणून हे काम फार उपयोगी पडते.

पिकांच्या दिनदर्शिकेनुसार आराखडा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी किमान ३ आणि कमाल ६ वर्षांचा आहे आणि त्यात किमान १२ श्रेयांकांचा पाठ्यक्रम पूर्ण करावा लागतो. कागदावर हा वेळ भरपूर दिसतो, पण पीक विद्यापीठाच्या सत्राप्रमाणे वाढत नाही. नोंदणी हिवाळ्यात झाली आणि पाठ्यक्रमात जूनही निघून गेला, तर हुमणीवर, म्हणजे मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीवर, काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे अख्खे वर्ष वाया जाते. वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात. होलोट्रिकिया या प्रकारच्या हुमणीचे भुंगेरे कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात आणि त्यांची अंडी व लहान अळ्या मिळण्याचा काळ त्यानंतरच्या काही आठवड्यांपुरताच असतो. मेटारायझियमसारखी बुरशी लहान अळ्यांवर अधिक प्रभावी असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ऊस पिवळा पडल्यावर ती टाकून काही उपयोग होत नाही, आणि शेतकरी नेमका त्याच वेळी औषध मागायला येतो. म्हणून अशा विद्यार्थ्याचा पाठ्यक्रम मागे-पुढे करावा, पण मे आणि जून शेतासाठी मोकळे ठेवावेत.

प्रत्येक पिकाचा हिशेब निराळा आहे. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि तोडणीपर्यंत साधारण १६ ते १८ महिने घेतो. त्यामुळे लागण आणि खोडवा मिळून एका प्रबंधात जेमतेम दोन निरीक्षणचक्रे बसतात. ज्याला उसावरच काम करायचे आहे त्याने उत्पादनापेक्षा उगवण, फुटवे आणि मुळांभोवतीचे जिवाणू यांसारख्या लवकर मोजता येणाऱ्या गोष्टींवर प्रश्न बांधावा. हळदीची लागण अक्षय्य तृतीयेच्या आसपास सुरू होते आणि काढणीला सुमारे नऊ महिने लागतात, म्हणजे वर्षाला एकच संधी मिळते. द्राक्षात एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशी दोन वेगळी सत्रे मिळतात. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत निघते, म्हणून ज्या विद्यार्थ्याला तीन-चार हंगामांची खात्रीशीर आकडेवारी हवी आहे त्याला मी सोयाबीन आणि त्याच्या मुळांच्या गाठींत नत्र स्थिर करणारा ऱ्हायझोबियम जिवाणू सुचवीन. हा विषय जुना वाटतो, पण बियाण्यास बुरशीनाशक लावल्यानंतर ऱ्हायझोबियम किती टिकते यासारखे प्रश्न त्यात अजून कामाचे आहेत.

आराखड्यात पुराचाही विचार असावा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णाकाठी जे झाले ते पाहता पलूस, वाळवा, मिरज किंवा कराड येथील नदीकाठच्या एकाच शेतावर चार वर्षांचे काम अवलंबून ठेवणे योग्य नाही. एक शेत काठावर असेल तर दुसरे वरच्या माळावर असावे.

प्रयोगशाळेत लावायच्या सवयी

पहिला अभ्यास म्हणून विद्यार्थ्याला बाजारातून वेगवेगळ्या दुकानांतील ट्रायकोडर्माच्या पुड्या विकत आणायला सांगावे आणि त्यांतील जिवंत बीजाणूंची संख्या मोजून घ्यावी. केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या निकषांनुसार ट्रायकोडर्मासाठी प्रति ग्रॅम किमान २० लाख सीएफयू (वसाहत तयार करू शकणारी जिवंत एकके) अपेक्षित आहेत. जैविक खतांसाठी खत नियंत्रण आदेशात वाहकयुक्त, म्हणजे पावडरीत मिसळलेल्या, ऱ्हायझोबियम किंवा ॲझोटोबॅक्टरला प्रति ग्रॅम ५ कोटी आणि द्रवरूपास प्रति मिलिलिटर १० कोटी अशी किमान मर्यादा आहे. क्रमाक्रमाने विरलन करणे, निवडक माध्यमावर लावणे, योग्य संख्येच्या वसाहती असलेल्या प्लेटच मोजणे आणि तीन पुनरावृत्तींमधील फरक सांगता येणे, ही सर्व कौशल्ये या एका कामात येतात. त्याच पुड्या काही महिने शीतकपाटात, खोलीच्या तापमानात आणि ४० अंशांवर ठेवून दर महिन्याला मोजाव्यात. एप्रिल-मे महिन्यांत जत किंवा आटपाडीच्या पत्र्याच्या दुकानात ठेवलेल्या पुडीचे काय होत असेल, हे त्या आलेखावरून विद्यार्थ्याला आपोआप समजते.

ओळख पटवण्याच्या बाबतीत ढिलाई चालू देऊ नये. ट्रायकोडर्माची जात केवळ आयटीएस या डीएनए-खंडाच्या क्रमावरून निश्चित होत नाही, त्यासाठी टीईएफ-१ जनुकही पाहावे लागते. बॅसिलस जिवाणूंमध्येही १६-एस या जनुकाचा क्रम जवळच्या जातींमध्ये भेद करू शकत नाही. हुमणीच्या अळीची ओळख शेवटच्या खंडाच्या खालच्या बाजूला असलेल्या केसांच्या मांडणीवरून करायला शिकवावे, कारण नदीकाठच्या उसात आढळणारी ल्युकोफोलिस आणि इतरत्र आढळणारी होलोट्रिकिया यांच्या सवयी सारख्या नाहीत. कडुलिंबावरील भुंगेरे गोळा करण्याची मोहीम एका जातीसाठी जितकी उपयोगी आहे तितकी दुसरीसाठी असेलच असे नाही. मेलेल्या अळीवर हिरवट बुरशी दिसली म्हणून तिनेच अळी मारली, असे मानू नये. बुरशी वेगळी करून निरोगी अळीला लावणे आणि मेलेल्या अळीतून तीच पुन्हा मिळवणे, हे कॉखचे टप्पे प्रत्येक वेळी पूर्ण करून घ्यावेत.

सुरक्षिततेचा एक मुद्दा आपल्याकडे वारंवार दुर्लक्षित राहतो. मुळांभोवतीच्या मातीतून वाढीस चालना देणारा जिवाणू शोधताना स्यूडोमोनास एरुजिनोसा किंवा बर्कहोल्डेरिया सेपेशिया गटातील जिवाणू हमखास सापडतात. प्रयोगशाळेत ते उत्तम गुण दाखवतात, पण माणसांमध्ये, विशेषतः प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांमध्ये, ते संसर्ग करू शकतात. स्फुरद विरघळवणाऱ्या बुरशींत ॲस्परजिलस फ्लेव्हस निघाली तर अफ्लाटॉक्सिन या विषाचा प्रश्न येतो. असे वाण शेतकऱ्याच्या हाती देण्याच्या मार्गावर ठेवूच नयेत, आणि हा निर्णय दोन वर्षे काम झाल्यावर घेण्याऐवजी ओळख पटताच घ्यावा. विद्यार्थ्याला वाईट वाटते, पण त्याला दुसरा पर्याय नाही.

पेट्री डिशमधील रोधक वलयाबद्दलही स्पष्ट बोलावे. पोषक आगरवर उत्तम प्रतिजैविक बनवणारा वाण मातीत उपाशी असतो, तेथे त्याला जागेसाठी हजारो इतर जिवाणूंशी झगडावे लागते आणि अनेकदा काही आठवड्यांत त्याची संख्या मोजण्यापलीकडे घटते. म्हणून वाण निवडण्याची चाळणी उलट्या क्रमाने लावून पाहावी : प्रथम निर्जंतुक न केलेल्या स्थानिक काळ्या मातीत तीस-चाळीस दिवस कोण टिकतो ते पाहावे आणि टिकलेल्यांमधूनच रोगकारकाला रोखणारे निवडावेत.

शेतातील प्रयोग

शेतातील मांडणीसाठी यादृच्छिक गट पद्धती (शेताचे गट पाडून प्रत्येक गटात उपचार चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटणे) पुरेशी असते, पण तिचा अर्थ विद्यार्थ्याला समजला पाहिजे. पाच उपचार आणि चार पुनरावृत्ती घेतल्यास त्रुटीसाठी १२ स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे प्रयोगातील त्रुटी अजमावण्यासाठी १२ स्वतंत्र तुलना, मिळतात आणि त्याखाली जाऊ नये, असा संकेत आहे. तीन पुनरावृत्तींत आठ-दहा उपचार कोंबण्याऐवजी उपचार कमी करणे केव्हाही चांगले. हुमणीसारखी कीड शेतात पुंजक्यांनी असते, म्हणून लागणीपूर्वी खड्डे घेऊन अळ्या मोजाव्यात आणि गट त्या मोजणीनुसार आखावेत, केवळ चौकोन आखून नव्हे. उपचारांमध्ये नुसता वाहक असलेला, म्हणजे जंतू नसलेली तीच पावडर दिलेला वाफा असावाच, कारण शेणखतासह दिलेल्या बुरशीचा परिणाम म्हणून जे सांगितले जाते तो पुष्कळदा शेणखताचाच परिणाम असतो.

द्राक्षबागेत मात्र पाठ्यपुस्तकातील उपचारविरहित वाफा व्यवहारात चालत नाही. तासगाव किंवा कवठेमहांकाळच्या बागाईतदाराचा एकरी खर्च मोठा असतो आणि पावसाळी हवेत केवडा, म्हणजे डाऊनी, दोन-तीन दिवसांत घड खलास करू शकतो. तो आपल्या बागेत विनाफवारणी ओळ ठेवू देणार नाही, आणि ठेवली तरी रात्री फवारून घेईल. येथे तुलना शेतकऱ्याच्या नेहमीच्या वेळापत्रकाशी करावी आणि प्रश्नही त्याला अनुकूल असा घ्यावा. काढणी जवळ आल्यावर अवशेषांच्या मर्यादेमुळे बहुतेक रसायने बंद होतात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडकली होती, हे येथील प्रत्येक निर्यातदाराला आठवते. त्या शेवटच्या काही आठवड्यांत भुरी रोगासाठी बॅसिलस सब्टिलिस हा जिवाणू किंवा अँपेलोमायसिस ही बुरशी किती संरक्षण देतात, या प्रश्नात बागाईतदार स्वतःहून रस घेतो, कारण तेथे त्याच्याकडे दुसरे काही नसते.

शेतकऱ्याशी वागण्याचेही शिक्षण द्यावे लागते आणि ते कोणत्याही पाठ्यक्रमात नसते. मार्गदर्शकाने पहिल्या भेटीस स्वतः जावे, प्रयोगासाठी किती गुंठे लागतील, नुकसान झाल्यास भरपाई कशी होईल आणि कोणत्या ओळींना दुसरे काहीही देऊ नये, हे मराठीत एका कागदावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. त्यानंतर दर आठवड्याला विद्यार्थ्याने बांधावर जाऊन ‘आण्णा, या आठवड्यात ड्रिपमधून काय काय सोडलं?’ असे विचारून वहीत टिपावे. ‘तुम्ही औषध मारलं का?’ असे दरडावून विचारल्यास उत्तर नेहमी नाही असेच येते. प्रयोगाच्या वाफ्यावर फवारणी झालीच, तर ती नोंद लपवू नये. त्या पुनरावृत्तीची आकडेवारी वेगळी दाखवावी.

खारपड जमिनीवर काम करणाऱ्यांना एक वेगळी सूचना आहे. मिरज, पलूस, वाळवा या पट्ट्यात अतिपाण्याने क्षार वर आलेल्या जमिनी आहेत आणि क्षारसहिष्णू जिवाणूंवर प्रबंध लिहिण्याचा मोह होतो. जमिनीची विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर आहे आणि भूजल मुळांपर्यंत आलेले आहे, अशा ठिकाणी खरा उपाय भूमिगत निचरा प्रणाली आणि पाण्याचा बेताने वापर हाच आहे. जिवाणू रोपाला ताण सहन करायला थोडी मदत करतात, क्षार काढून टाकत नाहीत. त्यामुळे प्रयोग निचरा केलेल्या आणि न केलेल्या अशा दोन्ही शेतांवर घ्यावा. कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्रात हळदीबरोबर या जमिनींवरही काम झालेले आहे. तेथील शास्त्रज्ञ सहमार्गदर्शक म्हणून मिळाल्यास विद्यार्थ्याचे दावे आपोआप प्रमाणात राहतात.

सहमार्गदर्शक आणि संस्था

शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र चांगले असते, पण शेत नसते. कृषी संशोधन केंद्रांत शेत असते, पण रेणवीय काम मर्यादित असते. म्हणून संशोधन सल्लागार समितीत दोन्हीकडील माणूस असावा. उसासाठी फलटण तालुक्यातील पाडेगाव येथील १९३२ पासूनचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र, साताऱ्याच्या भागासाठी बोरगावचे कृषी विज्ञान केंद्र, फलटणची १९६८ मध्ये स्थापन झालेली निंबकर कृषी संशोधन संस्था आणि द्राक्षासाठी पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र ही नावे मार्गदर्शकांना ठाऊकच असतात. महाबळेश्वरचे गहू गेरवा संशोधन केंद्रही विद्यार्थ्यांना दाखवावे. गेरवा कृत्रिम माध्यमावर न वाढता जिवंत रोपावरच वाढतो. असा रोगकारक सांभाळण्याचे काम जवळून पाहिल्यास स्ट्रॉबेरीच्या रोगांवर काम करणाऱ्यालाही फायदा होतो. काही सहकारी साखर कारखान्यांच्या स्वतःच्या जैविक खत प्रयोगशाळा आहेत. विद्यार्थ्याने तेथे महिनाभर प्रत्यक्ष काम केले तर फर्मेंटरमधील एक बॅच दूषित झाल्यावर काय करावे लागते, हे त्याला कळते.

कायदा आणि संग्रह

ट्रायकोडर्मा, मेटारायझियम, स्यूडोमोनास यांसारखी जैविक कीडनाशके १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात आणि नोंदणीशिवाय त्यांची विक्री करता येत नाही. जैविक खते १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली येतात आणि २०२१ पासून जैवउत्तेजकांनाही तोच आदेश लागू आहे. आपला वाण कोणत्या वर्गात मोडतो, हे विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षीच ठरवायला लावावे, कारण नोंदणीसाठी विषारीपणा आणि साठवणक्षमता यांची जी आकडेवारी लागते ती नंतर गोळा करणे महागात पडते. पेटंटचा विचार असेल तर अर्ज आधी आणि शोधनिबंध नंतर, हा क्रम पाळावा आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रियाही वेळेत सुरू करावी.

प्रबंध सादर करण्यापूर्वी महत्त्वाचा प्रत्येक वाण पुण्यातील राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र, चंदीगडचा एमटीसीसी हा सूक्ष्मजीव संग्रह किंवा उत्तर प्रदेशातील मऊ येथील कृषी सूक्ष्मजीव संग्रह यांपैकी एका ठिकाणी जमा करून त्याचा क्रमांक प्रबंधात छापावा. विद्यार्थी नोकरीला लागतो, विभागातील फ्रीज उन्हाळ्यात बंद पडतो आणि चार वर्षांच्या कामातला वाण उरत नाही, असे अनेक विभागांत घडलेले आहे. त्याबरोबरच शेतातील मूळ वह्या, वाफ्यांचे नकाशे आणि निष्फळ ठरलेल्या चाचण्यांची आकडेवारी विभागाकडे द्यावी, आणि ज्या शेतकऱ्यांच्या शेतावर प्रयोग झाले त्यांना दोन पानी मराठी टिपण पोचवावे. कोणता वाण कोणत्या महिन्यात, किती मात्रेत, कोणत्या रसायनापासून किती दिवसांच्या अंतराने दिला आणि कोठे काहीच फरक पडला नाही, एवढे त्यात असले की पुढच्या विद्यार्थ्याला त्याच बांधावर काम सुरू करता येते.